पहिलीच्या बाईंना काय हवं असतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडवा झाला की आमच्या देवगड तालुक्यात दोन प्रकारचे फलक लागतात. एक हापूसच्या पेट्यांचे, दुसरे नर्सरी-केजीच्या प्रवेशाचे. आंब्याच्या फलकांबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रवेशाच्या एका फलकावर मात्र यंदा नवीन ओळ दिसली: ‘वय वर्षे ३ पासून लाइफ स्किल्स’. शेजारच्या सूनबाईंनी त्या नर्सरीचं माहितीपत्रक आणि पुस्तक मला बघायला आणून दिलं. आठवड्याचे तास ठरलेले, फी वेगळी, पुस्तकाचे पैसे वेगळे. पुस्तकात एका पानावर चार चित्रं. एक मुलगा आजीला पाणी देतोय, दुसरा रस्त्यावर केर टाकतोय, वगैरे. चांगल्या सवयीच्या चित्रापुढे बरोबरची खूण करा. म्हणजे ज्याला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही अशा पोरानं आजीला पाणी देण्याच्या चित्रावर खूण करायची, आणि खरी आजी पडवीत तहानलेलीच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला आणि आता निवृत्त झाले. अंगणवाडीतली, नर्सरीतली आणि थेट घरातून उठून आलेली, अशी सगळी मुलं शेवटी पहिलीच्या बाईंच्या दारात येतात. तेव्हा त्या दारातून काय दिसतं, ते पालकांना कळावं म्हणून हे पत्र.

जून महिन्यातला पहिलीचा वर्ग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगते. बाहेर पाऊस कोसळतोय. व्हरांड्यात चपलांचा ढीग. रेनकोट काढायचा, झटकायचा, खुंटीला लावायचा, आपल्या चपला आपल्याला सापडतील अशा ठेवायच्या आणि आत येऊन बसायचं. बघता बघता अर्धा तास जातो. काही मुलं रेनकोटात तशीच उभी राहतात, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून, कारण घरी कोणीतरी येऊन बटणं काढतं. ती रडतही नाहीत आणि सांगतही नाहीत, नुसती वाट बघतात. खाली पाण्याचं थारोळं.

एका वर्षी वडिलांच्या बदलीमुळे एक मुलगा शहरातून आमच्याकडे आला. इंग्रजीतून शंभरपर्यंत आकडे, रंग, फळं, वार, सगळं तोंडपाठ. शाळेत खिचडी मिळते, पण आईनं घरचा डबा दिलेला, चार बाजूंनी कड्यांचा, घट्ट. मधल्या सुट्टीत तो डबा मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. त्याच्या शेजारी एक मुलगी होती. वडील ट्रॉलरवर खलाशी, आणि तिला अजून ‘अ’ सुद्धा ओळखता येत नव्हता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग डबा स्वतःकडे ओढला, एक कडी काढली आणि डबा परत त्याच्या पुढ्यात सरकवून म्हणाली, “आता तू काड.” दुसरी कडी त्यानं काढली, बोटं लाल झाली. तिसरी निघेना, तेव्हा तिनं फक्त कुठं दाबायचं तिथं बोट ठेवलं. चौथी त्याची त्यानं उघडली आणि वर्गभर बघितलं. मुलाला मदत किती करायची आणि कुठे थांबायची, हे आम्हाला डी. एड.ला पाठाच्या वहीत आखून शिकवलं होतं. या बाईंना ते उपजतच ठाऊक.

लगेच कोणी असं समजू नये की मच्छीमार वाडीतली पोरं शहाणी आणि नर्सरीतली वेडी. हीच मुलगी नळावर रांगेत उभी राहायची नाही, पुढच्याला ढोसकून तोंड लावायची. ते वळण लागायला तिला दिवाळी उजाडली. आणि तो मुलगा चारचौघांत उभा राहून धीटपणे बोलायचा, ते आमच्यातल्या बऱ्याच मुलांना जमत नसे. मुद्दा एवढाच की एबीसीडी येतं म्हणजे मूल तयार झालं, ही समजूत चुकीची आहे. ‘क’ न येणारं मूल मला चालायचं. ‘क’ शिकवायचाच तर मला पगार होता. पण लघवीला जायचंय हे सांगता न येणारं, किंवा खेळात हरलं की पाटी भिरकावणारं मूल आलं, तर ‘क’ पर्यंत पोचायलाच गणपती येतात.

हे सगळं शिकवायचं कसं? पुस्तकातून नाही, हे वर सांगितलंच. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. तिथं त्यांनी एकदा मुलांना नाक कसं शिंकरायचं, रुमाल कसा धरायचा, हे सावकाश करून दाखवलं, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. टाळ्या का, तर शेंबडाबद्दल बोलणी सगळ्यांनी दिली होती, करून कुणी दाखवलं नव्हतं. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला बोर्डी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली तिथं गेल्या. पुढं १९५७ साली त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि त्यांच्यामागून अनुताई वाघांनी ते पुढं नेलं. माँटेसरीची परदेशी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या वापरल्या. मुलं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आणि तिथला पहिला धडा अक्षरांचा नव्हता, अंघोळीचा होता. हात-तोंड धुणं, केस विंचरणं, अंगण झाडणं. आज ज्याला कोणी लाइफ स्किल्स म्हणून फी लावतं, ते काम या बाया झाडाखाली करत होत्या.

तेव्हा घरात काय करायचं ते सांगते. मुलाला खरं काम द्या, खेळण्यातलं नको. तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतू द्या, सांडलं तर फडकं कुठं असतं ते दाखवा. शेंगा सोलायला बसवा. आमसुलं वाळत घातली असतील तर उलटवायला द्या, हात लाल झाले तर होऊ देत. जेवल्यावर आपलं ताट मोरीत नेऊन ठेवायचं, मुलगा असो की मुलगी. इथं आजीबाई आडव्या येतात. एका पालकसभेत एका आजींनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, “बाईनू, झिलाक कित्याक ताट उचलूक लावतास?” मी म्हटलं, “आजी, झील उद्या मुंबैक नोकरीक गेलो की थंय ताट कोण उचलतलो?” सगळ्या बाया हसल्या. आजी हसल्या नाहीत, पण पुढच्या आठवड्यात नातू शाळेत आपली थाळी स्वतः विसळताना दिसला.

मोबाइलबद्दल एवढंच, की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय. जेवताना मोबाइल दाखवून भरवलेलं मूल पोट भरलं की नाही हेसुद्धा विसरतं, हे मी पाहिलेलं आहे.

वाटून घेण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलते, कारण यात आया फार हैराण होतात. तीन वर्षांचं मूल आपली गाडी दुसऱ्याला देत नाही म्हणून ते स्वार्थी नसतं. ‘माझं’ म्हणजे काय ते त्याला नुकतंच कळलेलं असतं. ‘शेअर कर, शेअर कर’ म्हणत हातातून ओढून दुसऱ्याला दिलं की ते एवढंच शिकतं, की मोठं माणूस ओढून घेऊ शकतं. पाळी मात्र त्याला समजते, तीही दिसेल अशी ठेवली तर. पडवीतल्या झोपाळ्यावर दहा झोके तुझे, मग दहा तिचे, मोजायचे सगळ्यांनी मिळून. दहापर्यंत आकडे त्यातच येतात, वेगळी शिकवणी नको. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तिथं हेच चालतं. जाळ्याचे दोन्ही दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. पोरंही शेपटाला लोंबकळतात, दोर ओढला की नुसता धरला ते कुणी बघत नाही. मासळी वर आली की पोरांच्या हातावर दोन-चार बांगडे किंवा तारली पडतात. ती घेऊन जायची घाई नसते, मोठ्यांची वाटणी होईपर्यंत पोरं वाळूत बसून राहतात. इतका वेळ वाट बघायला मी त्यांना शाळेत एकदाही लावू शकले नाही.

थांबता येणं हे तीन ते सहा या वयात हळूहळू येतं, आणि ते खेळातून येतं. आपल्याकडे त्यासाठीचे खेळ आयते आहेत. विष-अमृत, स्टॅच्यू, आईचं पत्र हरवलं, शिवणापाणी. विष-अमृतात ‘विष’ मिळाल्यावर हललं तर बाद. पाय पळायला बघत असतात, त्यांना आतून धरून ठेवायचं असतं. कोकणात याचा उपयोग नुसता वर्गात शांत बसण्यापुरता नाही. आमच्याकडे बिनकठड्याच्या विहिरी आहेत, जुलैत व्हाळ म्हणजे ओढे दुथडी भरून वाहतात, भरतीचं पाणी बोलता बोलता पायापर्यंत येतं, लाकडांच्या माचीत हात घातला तर आत काय असेल सांगता येत नाही. लांबून ‘थांब’ म्हटल्यावर जागच्या जागी थांबणारं मूल वाचतं. पोहायला शिकवाच, पण त्याआधी थांबायला.

मारामारी झाली की आपण मुलाला ‘सॉरी म्हण’ सांगतो. म्हणतात, आणि पाठ वळली की पुन्हा ठोसा. मी सॉरी बंद केली होती. ज्यानं ढकललं त्यानं पडलेल्यासाठी पाणी आणायचं, गुडघ्याला ओलं फडकं लावायचं, आणि तो उठेपर्यंत शेजारी बसायचं. दोघंही बसले की बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत कशावरून तरी हसत असत. एकदा ढकलणारा स्वतःच रडायला लागला, कारण फडक्याला रक्त लागलं. त्या दिवशी त्याला जे कळलं ते मी फळ्यावर लिहून कळलं नसतं.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या मुलांच्या घरात मालवणी. अंगणवाडीत किंवा नर्सरीत गेल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं जातं, ‘असं नाही बोलायचं, नीट बोल.’ मग मूल गप्प. ‘माका भिया वाटता’ म्हणू शकणाऱ्या मुलाला भीती वाटते हे सांगता येतं. त्याला आधी ‘आय ॲम स्केअर्ड’ पाठ करायला लावलं तर भीती वाटायच्या वेळी ते वाक्य त्याला आठवणार नाही. प्रमाण मराठी येते, इंग्रजीही येते, त्याला वेळ आहे. पोटात दुखतंय, राग आलाय, तो मला मारतो, हे आधी ज्या भाषेत आईशी बोलतात त्याच भाषेत सांगता आलं पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिलाय, पण धोरणातलं वाक्य फाटकापर्यंत येईतो पातळ होतं.

आणि ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. हे लिहिताना मला माहीत आहे की काही वाचकांना आवडणार नाही. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरतं, आनंदच असतो. मग कोणीतरी पोराला उचलतं आणि म्हणतं, “काकाक पापी दी.” मूल मान फिरवतं, अंग आखडून घेतं. सगळे हसतात आणि पुन्हा आग्रह करतात. त्या मुलाला आपण शिकवतो की अंगाला कोणी हात लावला आणि नकोसं वाटलं, तरी मोठ्यांचा मान राखायचा. त्यापेक्षा लांबून नमस्कार करू दे, नाहीतर टाळी देऊ दे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा २०१२ चा आहे, १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे, या दोन्ही गोष्टी शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या असतात. चार वर्षांच्या मुलाला भिंत वाचता येत नाही. त्याला एवढंच कळायला हवं की माझं अंग माझं आहे, अवयवांना नावं आहेत आणि ती नावं आईजवळ घेतली तर आई ओरडत नाही.

महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत एकदा मी हरवलेल्या मुलांजवळ बसले होते. गर्दी म्हणजे काय ते तिथं गेलेल्यांना ठाऊक आहे. एक गोड पोरगं, कपाळाला गंध, हातात पिपाणी. नाव काय? सोनू. बाबांचं नाव? पप्पा. आईचं? मम्मी. गाव? घरी. ध्वनिक्षेपकावरून काय पुकारणार? शेवटी पिपाणी वाजत राहिली म्हणून आई त्या आवाजावर आली. त्याच्यानंतर आलेली एक चिमुरडी मात्र स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, वाडीचं नाव आणि वर ‘आमच्या घराकडे निळी होडी आसा’ एवढं सांगून मोकळी झाली. फोन नंबर तिला पाठ नव्हता, पण गाण्यासारखा म्हणून घेतला तर या वयात तोही पाठ होतो. चुकलं तर जिथं आहोत तिथंच उभं राहायचं, आणि मुलं बरोबर असलेल्या बाईला किंवा पोलिसांना सांगायचं, एवढं जत्रेला निघायच्या आधी घरातल्या घरात दोन-चारदा खेळून घ्या. आई हरवली असं नाटक करा, मुलांना ते फार आवडतं.

आता शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याबद्दल. ‘पहिले पाऊल’ या नावानं हे मेळावे राज्यातल्या शाळांत २०२२ पासून होतात. टेबलं मांडलेली असतात. नोंदणीचं, शारीरिक विकासाचं, बौद्धिक विकासाचं, सामाजिक-भावनिक विकासाचं, भाषेचं, गणनपूर्व तयारीचं, आणि शेवटी पालकांना मार्गदर्शनाचं. उपक्रम चांगला आहे. पण टेबलाजवळ उभं राहून बघा. आकड्यांच्या टेबलापाशी बाप मंडळी अशी वाकलेली, जणू पोराची तलाठ्याची परीक्षा चालू आहे. मागून खुणा करून उत्तरं सांगतात. सामाजिक-भावनिकच्या टेबलाशी पोराचा हात धरून भरभर पुढे सरकतात, तिथं ‘तुझा मित्र कोण?’ असलं काहीतरी विचारतात म्हणून. एका मेळाव्यात मुलीनं तिथं सांगितलं, “माका कोण खेळाक घेणत नाय.” मागं उभा बाप म्हणाला, “चल, चल, पुढचा बघूया.”

पालकांवर ओझं कुठून येतं ते मला कळतं. मोठ्या शाळेत प्रवेशाला मुलाची चाचणी घेतील, अशी धास्ती असते. १९९३ साली प्रा. यशपाल समितीनं नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या-मुलाखती बंद कराव्यात असं स्पष्ट सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात चाळणी लावून प्रवेश देण्याला मनाई आली. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नको असं म्हटलंय. तरीही आमच्या बाजारपेठेत केजीच्या मुलांची दप्तरं पाठीवरून गुडघ्यापर्यंत लोंबताना दिसतात. पुस्तक विकणाऱ्याचा धंदा असतो, त्याला मी काय म्हणू? पण मागणी आपली आहे.

अंगणवाडीताईंची बाजूही इथं मांडायला हवी. अंगणवाडीची ही एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून चालू आहे आणि शाळापूर्व शिक्षण हे तिचं पहिल्यापासूनचं काम आहे. प्रत्यक्षात ताईंचा दिवस वजनं, लसीकरण, आहार, गृहभेटी आणि मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरण्यात जातो. रेंज नसली तर रेंज शोधत टेंबावर चढायचं. मुलं मदतनीसबाईंच्या हवाली. एवढं करूनही जी ताई मुलांना गाणी, खेळ, हात धुवायची रांग हे सगळं मन लावून करते, तिला पालक दारात येऊन विचारतात, “बाईनू, पोरां नुसती खेळतत मा? लिवाक कदी घालतल्यात?” तिनं मग करायचं काय? पाटी काढते आणि ‘अ’ गिरवून घेते. पालक खूश. जिल्हा परिषदेनं आणि महिला-बालविकास विभागानं ताईंचे सकाळचे दोन तास तरी फोनशिवायचे ठेवावेत, माहिती दुपारी भरायला सांगावी. हे फार मोठं मागणं नाही, त्याला पैसे लागत नाहीत. आणि पालकांनी अंगणवाडीच्या दारात विचारायचं असेल तर ‘आज काय लिवलंस’ ऐवजी ‘आज कोणाबरोबर खेळलंस’ असं पोराला विचारावं.

शेजारच्या सूनबाईंना मी सांगितलं, त्या फीचे पैसे ठेवा. जूनच्या मध्याला शाळा उघडेल. तोवर आंब्याचे दिवस आहेत, घरात कामं आहेत, पोराला त्यात घ्या. बटणं लावायला द्या, उशीर झाला तरी हात मध्ये घालू नका. आणि दप्तराच्या खरेदीला जाल तेव्हा पाण्याची बाटली आणि डबा घेताना चित्र कुठलं आहे ते मागाहून बघा. आधी दुकानातच मुलाला झाकण उघडून बंद करायला लावा. त्याला जमलं नाही तर दुसरी दाखवायला सांगा, दुकानदार कंटाळला तरी चालेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग